थोरली, फुलीवाली आणि कुजबुजी

३ मार्च

दादा,

तीन वर्षांनी पत्र आलं म्हणून विरघळून जाऊ नकोस. ख्यालीखुशाली विचारायला लिहीत नाहीये. वहिनीला पत्र वाचायला दे हवं तर, तिच्याशी माझं काही वाकडं नाही.

आमच्या छापखान्यात परवा सूचना लागली. तपासणी टेबलावरच्या आम्हा दहाजणींची इंग्रजीची लेखी परीक्षा, एकवीस तारखेला. जी नापास होईल तिनं टेबलावरून उठायचं आणि खाली पॅकिंगला जाऊन खोकी बांधायची. आणि पेपर कोण काढणार, तर तू! सूचनेत तुझं नाव, त्याच्यापुढे 'निवृत्त इंग्रजी अध्यापक'. माझ्या शेजारी चिमणी उभी होती. चिमणी म्हणजे माझी टेबलावरची जोडीदारीण, आवाज तेवढाच आहे म्हणून चिमणी. मला काय म्हणतात ते विचारू नकोस, करवत म्हणतात. तर ती म्हणाली, "अगं, हे तुझे भाऊच ना? मग सुटलो की आपण!" मी म्हटलं, "बाई गं, तिथंच तर अडकलो."

तर पहिलं हे ऐक. पेपर सोपा काढायचा नाही. माझा पेपर तपासताना एक मार्क इकडचा तिकडे करायचा नाही. सत्तावन्न वर्षांची आहे मी, माझी तीन वर्षं उरलीत. ती मला खुर्चीत बसून काढायचीत आणि स्वतःच्या जिवावर काढायचीत.

दुसरं, ही परीक्षा का लागली ते नव्या साहेबांनी तुला त्यांच्या पद्धतीनं सांगितलंच असेल. आता माझ्याकडून ऐक.

आम्ही औषधांची लेबलं छापतो. मशीनवरून ताव उतरला की टेबलावर येतो. टेबलावर दोघी-दोघींची जोडी. एकीच्या हातात औषधवाल्यांनी मंजूर केलेला नमुना, ती तो मोठ्यानं वाचते. दुसरीच्या पुढे छापलेला ताव, ती निळी पेन्सिल घेऊन बघते. चुकलं की गोल. एकवीस वर्षं मी हेच करतेय. आता इंग्रजीत काही शब्द मेले असे आहेत की कानाला ऐकावे तर एकच, डोळ्यांना दिसावेत तर बहिणी-बहिणी, आणि अर्थ बघावा तर एकीचं तोंड पूर्वेला, दुसरीचं पश्चिमेला. वाचणारीनं नुसता शब्द उच्चारला तर बघणारीनं काय समजायचं, कुठली आली? म्हणून आम्ही सगळ्यांना नावं दिलीत. सगळ्या जावा-जावा. एका घरात राहतात, एकसारख्या दिसतात, पण एकीचा डबा दुसरीला दिलात तर घर डोक्यावर घेतील.

अफेक्ट आणि इफेक्ट घे. ए आधी, ई मागून. म्हणून ए वाली थोरली. ती कळ लावते. ई वाली धाकटी, तिच्या घरात मग त्याचे परिणाम दिसतात, भांडी आपटतात. अॅक्सेप्ट आणि एक्सेप्टमध्ये जिच्या अंगावर एक्सची फुली आहे तिला वगळायचं, ती फुलीवाली. लूस म्हणजे सैल, तिला ओ दोन, तिच्या हातात दोन बांगड्या आणि दोन्ही सैल. लूज म्हणजे हरवणं, तिला ओ एकच, कारण दुसरी तिनं आधीच हरवलीय. ही हरवी. अशा एकशे चाळीस जोड्या आहेत आमच्या वहीत.

नवे साहेब आठवडाभर काचेआडून बघत होते. मग एक दिवस दारात येऊन उभे राहिले, आणि नेमकी चिमणी वाचत होती, "थोरली आली, स्वल्पविराम, मग सैल बांगडीवाली, झाकण, फुलीवाली, पूर्णविराम." झालं! साहेबांना वाटलं, बायका कंपनीच्या वेळात सासरच्यांचा उद्धार करतायत. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना, कामाच्या वेळी घरगुती गप्पा बंद. मी समजवायला गेले तर म्हणाले, "मावशी, तुम्ही मला शिकवू नका." मी म्हटलं, शिकवायचं तर तुम्हालाच आहे, बाकीच्यांना येतं. त्यानंतर मला केबिनमध्ये पाऊल ठेवू दिलं नाही.

महिनाभर आम्ही तोंडाला कुलूप लावून तपासलं. एकटीनंच एकदा नमुना बघायचा, एकदा ताव बघायचा, मान इकडून तिकडे. तीन लॉट परत आले. एका लॉटमध्ये कानात टाकायच्या थेंबांवर 'ऑरल'च्या जागी तोंडानं घ्यायच्या औषधाचा 'ओरल' छापून गेला. औषधवाल्यांच्या गोदामातच सापडला, कोणाच्या पोटात गेला नाही. कोणाच्या हातून गेला, तो विषय वेगळा. साहेबांनी निष्कर्ष काढला की बायकांना इंग्रजी येत नाही.

या जावा पहिल्यांदा कोणी आणि कोणासाठी जमवल्या, ते तुला सांगायला नको.

उत्तर पाठवू नकोस.

धाकटी


१२ मार्च

दादा,

पाठवू नकोस म्हटलं होतं. तरी पाकीट आलंच.

पाठवणाऱ्याचं नाव नाही, पण पत्त्यातलं तुझं अक्षर मी अंधारातही ओळखीन. शेवटच्या ओळीला आला की तुला घाई होते आणि अक्षरं पुढे पळतात. आत चार ताव, एका बाजूला छापलेले. उघडलं नाही. एवढी वर्षं कागद हाताळतेय, बोटांना कळतं. ह्यांनी टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "अगं, उघडून तर बघ, कदाचित माफी मागितली असेल." मी म्हटलं, माफीला चार ताव लागत नाहीत. ह्यांचं आणि माझं त्या दिवसापासून बोलणं बंद आहे, तुझ्या कृपेनं.

आमच्याकडे नापास झालेल्या गठ्ठ्यावर तांबडी चिठ्ठी लावतात. ती लावून पाकीट तस्संच परत पाठवतेय. चिठ्ठीवर कारणाचा एक रकाना असतो. त्यात लिहिलंय, 'मागितलेला माल हा नव्हे.'

अरे, मी तुझ्याकडे मागितलं तरी काय होतं आयुष्यात? एकच गोष्ट. आठव.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी सातवीत होते आणि तू शेवटच्या वर्गात. बाबा कामावर. घरी एकानं थांबायला हवं होतं. तू मला मागच्या पायरीवर बसवून म्हणालास, "माझी परीक्षा होऊ दे, मग मी घरी थांबतो, तू शाळेत जा." मी म्हटलं, ठीक आहे, एक वर्ष काय, चुटकीसरशी जाईल. तू इंग्रजीत आपटलास. पुन्हा बसलास, पुन्हा आपटलास. मला तुझ्यापेक्षा जास्त रडू यायचं, कारण तुझं वर्ष गेलं की माझंही जायचं. तिसऱ्या खेपेला मी ठरवलं की ह्याला आता मीच पास करते. आईला भरवता भरवता तुझं पुस्तक मांडीवर धरायचे. तू घोकायचास आणि तेच ते शब्द उलटेपालटे करायचास. मला त्यांचा अर्थही धड माहीत नव्हता, तुझ्या पुस्तकामागच्या यादीत बघून लावायचे. मग एक दिवस आईच म्हणाली, "ह्या तर आपल्या घरच्या जावांसारख्या दिसतात." तिथून थोरली आली, फुलीवाली आली, सैल बांगडीवाली आली. तू हसून हसून लोळलास आणि एकही विसरला नाहीस.

तू पास झालास. इंग्रजीत बासष्ट. सगळी आळी गोळा झाली होती. आणि मग तू पुढच्या शिक्षणाला गेलास, आई तशीच अंथरुणावर, आणि पायरीवर काय बोलला होतास ते कोणालाच आठवलं नाही. मीही आठवण करून दिली नाही. पंधरा वर्षांची घोडी, सातवीच्या बाकावर कोण बसवून घेणार होतं मला!

तेही मी गिळलं. पण तीन वर्षांपूर्वी, तुझ्या निवृत्तीच्या समारंभात, तू माईकसमोर उभा राहून म्हणालास की आमच्या घरात इंग्रजीचा गंध कोणाला नव्हता, मी एकटा धडपडत शिकलो. आणि मग पहिल्या रांगेकडे हात करून, "ही माझी धाकटी बहीण, लेबलं चिकटवते." लोक हसले. मी चिकटवत नाही, दादा. मी तपासते. जेवणाचं ताट तसंच टाकून मी उठले, आणि वहिनी फाटकापर्यंत मागे आली. तू आला नाहीस.

म्हणून म्हणते, पेपर चोरून पाठवायची दया मला नको. दया आली असेल तर ती खिशात ठेव.

धाकटी


१९ मार्च

दादा,

आजचं पत्र लिहायला जड जातंय, तेव्हा मुद्द्यावर येते.

काल आम्ही दहाजणी मिळून साहेबांकडे गेलो. चिमणीसुद्धा आली. मी सांगितलं, लेखी परीक्षा घ्यायची तर घ्या, पण टेबलावरचीही घ्या. आम्हाला ताव द्या, त्यात मुद्दाम चुका पेरा, आणि आमच्या पद्धतीनं, तोंडानं वाचून तपासू द्या. बोलायला बंदी घालून बघता आणि वर म्हणता, यांना येत नाही! साहेब म्हणाले, "ते माझ्या हातात नाही. परीक्षक सर आहेत. सर हो म्हणाले तर माझी हरकत नाही."

म्हणजे गाडी येऊन थांबली ती तुझ्या दारात. बघ कसं असतं!

मी विनंती करत नाहीये. मी सांगतेय. परवा साहेब विचारतील तेव्हा हो म्हण. माझ्यासाठी म्हणू नकोस. चिमणीसाठी म्हण. तिचा नवरा दोन वर्षं घरी बसून आहे, पाठीचं दुखणं, आणि तिला स्वतःला वजन उचलवत नाही. खाली खोकी बांधायला गेली तर महिनाभरात आडवी होईल. लेखी पेपरमध्ये ती काही लिहू शकणार नाही. पण ताव पुढे टाक, तिच्या नजरेतून मुंगी सुटायची नाही.

आणि एक राहिलं. पहिल्या पत्रात मी लपवलं होतं. कानाच्या थेंबांचा तो ताव माझ्या हातून गेला. बोलायला बंदी होती हे खरं, पण त्या दिवशी माझं लक्षही नव्हतं. सकाळी वहिनीचा निरोप आला होता की तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी ताव बघत होते आणि डोक्यात एकच, की जावं की न जावं. गेले नाही, आणि तावही सुटला. चिमणीला माहीत आहे. ती कोणाकडे बोलणार नाही, पण मला रोज तिच्या तोंडाकडे बघावं लागतं.

पाकिटाचंही खरं सांगते. चहाच्या आधणावर धरलं होतं, चिकटलेली कड वाफेनं सुटते का बघायला. अर्धी कड सुटली. मग मी ते उचललं आणि वर तांबडी चिठ्ठी लावून कड पुन्हा बंद केली. आत बघितलं नाही, पण बघावंसं वाटलं नाही असं म्हणणार नाही.

परवा समोर असशील. मला ओळख दाखवू नकोस.

धाकटी


२३ मार्च

दादा,

तू तिथेच होतास, तरी सगळं पुन्हा लिहितेय. तुला काय दिसलं ते तुझं. मला काय दिसलं ते कागदावर असू दे.

लेखी पेपर कठीण काढलास. शाबास! चाळीसपैकी मला सतरा. शब्दाची व्याख्या इंग्रजीतून लिहा म्हणे. मला शब्द दुरून ओळखता येतो, त्याची जन्मकुंडली कुठून मांडू? चिमणीला नऊ मिळाले. तिच्या डोळ्यांतलं पाणी मला तीन बाकांवरून दिसत होतं.

मग साहेबांनी तुला विचारलं. तू चष्मा काढलास, पुसलास, घातलास, पुन्हा काढलास. मी मनात म्हटलं, हा आता काहीतरी गुळमुळीत बोलणार. आणि तू म्हणालास, "यांचं काम लिहिण्याचं नाही. जे काम आहे त्याची परीक्षा घ्या." तेवढ्यावर मी तुला माफ केलं असं समजू नकोस.

पण साहेब काय कच्च्या गुरूचे चेले! म्हणाले, "ठीक आहे. पण आपापल्या जोडीदारणीबरोबर नाही. यांच्या आपसात खाणाखुणा असतात. नमुना वाचायला दुसरा कोणीतरी पाहिजे." कोण वाचणार? ऑफिसातल्या कोणाला आमचं वाचन येतं? चिमणीनं माझा हात असा दाबला की अजून दुखतोय.

तू उठलास. स्टूल ओढलंस, माझ्यासमोर बसलास आणि नमुना हातात घेतलास. सुरुवात केलीस ती शाळेत वाचायचास तशी, छाती काढून, खणखणीत. मी पेन्सिल खाली ठेवली. साहेब म्हणाले, "काय झालं मावशी?" मी तुझ्याकडे बघून म्हटलं, "असं नाही."

तुझी मान खाली गेली. तुझ्या केसांत आता एकही काळा राहिला नाही, हे मला तेव्हा दिसलं. आणि मग तू हळूच म्हणालास, "थोरली."

मी पेन्सिल उचलली.

"स्वल्पविराम. सैल बांगडीवाली. फुलीवाली." ओळीमागून ओळ. बेचाळीस वर्षं, दादा! एकही विसरला नव्हतास. हरवीसुद्धा लक्षात होती. साहेब मध्येच म्हणाले, "सर, हे काय चाललंय?" तू नमुन्यावरचं बोट न हलवता म्हणालास, "याच्यावर मी शाळेची शेवटची परीक्षा पास झालो. दोनदा नापास होऊन तिसऱ्या खेपेला. हिनं करून घेतलं. तेव्हा ही चौदा-पंधरा वर्षांची होती." आणि थांबून, "माझ्या समारंभात मी हे सांगायला हवं होतं, सांगितलं नाही."

चिमणी तोंडात पदर कोंबून रडत होती. मी रडले नाही. माझ्यापुढे ताव होता.

मग सातव्या तावावर तू अडलास. कानाच्या थेंबांचं लेबल. तो शब्द आपल्या लहानपणीच्या जावांमध्ये नव्हता, तो इथे टेबलावर आला. तू शब्दाकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस, आणि कानाला हात लावलास. मी म्हटलं, "तिला कुजबुजी म्हणतात. दुसरी तोंड ओ करून बसलेली असते, ही कानाशी लागते." तू म्हणालास, "कुजबुजी." अगदी मन लावून, पहिल्या बाकावरच्या मुलासारखं. मग माझ्याच्यानं राहवलं नाही. पेन्सिल हातातच होती. मी साहेबांना म्हटलं, "कानाच्या थेंबांचा तो लॉट माझ्या हातून गेलाय. बोलायला बंदी होती म्हणून सुटला, आणि माझं लक्ष नव्हतं म्हणूनही सुटला. जे काय करायचं ते मला करा, टेबलाला नाही."

तू तयारीनंच आला होतास, तावांत आधीच चौदा चुका पेरल्या होत्यास. मी तेरा धरल्या. एक पूर्णविराम सुटला, तेवढं मान्य. मग तू उरलेल्या नऊजणींसाठीही वाचलंस, एकेकीसाठी, दुपारभर, घसा बसेपर्यंत. चिमणीनं चौदाच्या चौदा धरल्या आणि वर तुला विचारलं, "सर, अजून आहेत?" आगाऊ कुठली!

निकाल आज लागला. टेबल आहे तसं राहणार, दहाच्या दहाजणी. बोलायची बंदी उठली. साहेबांनी आमची वही मागून घेतली आणि तिच्या पुठ्ठ्यावर कंपनीचा शिक्का मारून परत दिली. मला लेखी ताकीद मिळाली, आणि टेबलाची प्रमुख आता चिमणी. ताकीद नीट वाचली, तिच्यात एक चूक होती, निळ्या पेन्सिलीनं गोल केला आणि मग सही केली.

परवा मी निघाले तेव्हा तू फाटकापर्यंत माझ्यामागे आलास. काहीतरी बोलायचं होतं तुला. मी थांबले नाही, कारण थांबले असते तर रडले असते, आणि साहेब काचेआडून बघत होते.

तर जे बोलायचं ते आता कागदावर. माझ्या वरच्या खणात एक अर्ज पडून असायचा. शाळेची शेवटची परीक्षा बाहेरून देता येते, वयाची अट नाही, मी चौकशी केलीय. पहिल्यांदा चौकशी केली तेव्हा चाळिशी ओलांडली नव्हती. दर वर्षी अर्ज आणायचे आणि खणात टाकायचे. ह्यांना माहीत नाही, आज सांगणार आहे. यंदा तो भरला, आणि आज सकाळी कामावर जाताना देऊन आले.

आईच्या आजारपणात पायरीवर बसून जे बोलला होतास, ते अजून बाकी आहे. येत्या रविवारी ये. वहिनीला घेऊन ये. पुस्तक मी आणीन, मांडीवर तू धरायचंस, आणि घोकणार मी. चुकले तर ओरडायचं नाही, मी कधी ओरडले नव्हते.

आणि एकदा-दोनदा नापास झाले तर कपाळाला आठ्या घालू नकोस. तुझ्या वेळी मी थांबले होते.

तुझी धाकटी